आइस हॉकीच्या अरेनात पैसा नेमका कुठे मुरतो?

नागपुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. प्रोजेक्टसाठी त्याने अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, अरेनांचे आकडे जमवले आणि चक्रावला. एकेका इमारतीला अब्ज डॉलर, म्हणजे आपले साडेआठ-नऊ हजार कोटी. एवढा पैसा बर्फ जमवायला लागतो का? आणि तसाच दहा हजार खुर्च्यांचा अरेना इथल्या विमानतळाजवळच्या मिहानकडे बांधायचा तर किती येईल?

बर्फाला एवढा पैसा लागत नाही. मी मूळचा रेफ्रिजरेशनवाला. उमेदीची वर्षं कळमन्याकडच्या मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा वास घेण्यात गेली, नंतर आखातात एका मॉलमधल्या स्केटिंग रिंकचा प्लँट सांभाळला, आता दुसऱ्यांची एस्टिमेटं तपासून देतो. त्यामुळे आधी प्लँटचा हिशोब मांडतो, इमारतीकडे मग येऊ.

एनएचएलचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. त्यावर बर्फाचा थर फार तर सव्वा इंच. म्हणजे पाणी झालं पन्नास हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या पाच खेपा. तीस अंशांचं हे पाणी शून्यावर आणून गोठवायला साधारण अठराशे टन-तास थंडावा लागतो (हा एसीच्या मापातला टन, वजनाचा नव्हे). अमोनियाचा बरा प्लँट त्यासाठी दोन-सव्वादोन हजार युनिट वीज खाईल. साडेनऊ रुपये दर धरा, वीस हजार रुपयांच्या आसपास बिल झालं. प्रत्यक्षात स्लॅबही थंड करावा लागतो आणि पाणी फवारून पातळ पातळ थर चढवतात, म्हणून काम दोन-तीन दिवस चालतं आणि आकडा वाढतो. पण वाढून वाढून किती वाढेल? लग्नाच्या हॉलचं एका रात्रीचं भाडं त्याहून जास्त असतं.

बर्फ टिकवणं याहून महाग. आणि त्या बर्फाभोवती माणसं बसवणं सगळ्यात महाग. आकड्यांतलं घोडं तिथेच पेंड खातं.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. सतरा हजार प्रेक्षकांचे सतराशे किलोवॅट झाले, म्हणजे जवळजवळ ४८० टन रेफ्रिजरेशन, तेही दिवे, स्क्रीन, स्वयंपाकघरं आणि ताजी हवा न धरता. बर्फाखालचा प्लँट मोठ्या अरेनात दोनशे-तीनशे टनांचा असतो. म्हणजे बर्फापेक्षा प्रेक्षकांना गार ठेवायला मोठी मशिनरी लागते. शिवाय ही माणसं श्वासावाटे पाणी सोडतात, ते वेगळं काढावं लागतं.

आता जागा बघा. लास वेगासचा टी-मोबाइल अरेना साडेसहा लाख चौरस फुटांचा. त्यात बर्फ किती? सतरा हजार चौरस फूट, पावणेतीन टक्केसुद्धा नाही. उरलेल्यात खुर्च्या, जिने, स्वच्छतागृहं, बॉक्स (बड्या गिऱ्हाइकांच्या सामना बघायच्या खासगी खोल्या), किचन, खेळाडूंच्या खोल्या, ट्रक आत येतील असे धक्के, टीव्हीच्या गाड्यांची सोय आणि शेकडो एसी युनिटं. हा अरेना २०१६ मध्ये ३७.५ कोटी डॉलरमध्ये उभा राहिला, खासगी पैशातून, मोकळ्या सपाट जागेवर. पाचच वर्षांनी, २०२१ मध्ये, न्यूयॉर्कजवळ एल्माँटला यूबीएस अरेना उघडला, तो ११० कोटी डॉलरचा. दोन्हीकडे खुर्च्या साधारण सारख्याच, सतरा हजारांच्या वर. बर्फही तेवढाच, कारण नियमात मैदानाचं मापच ठरलेलं आहे. एका खुर्चीमागे एकीकडे एकवीस हजार डॉलर पडले, दुसरीकडे साठ हजारांच्या वर. हा तिपटीचा फरक प्लँटरूममध्ये शोधू नका. तो न्यूयॉर्कच्या मजुरीत आहे, मधल्या महागाईत आहे, आणि महागड्या बॉक्समध्ये, क्लबमध्ये, लाउंजमध्ये आहे. मालकाचं उत्पन्न वरच्या कट्ट्यावरच्या तिकिटांपेक्षा या बॉक्समधून जास्त येतं, म्हणून तिथे कोणी हात आखडता घेत नाही.

सिएटलचं उदाहरण तर सिव्हिलवाल्याने अभ्यासावंच. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या हॉलचं छप्पर वारसा म्हणून ठेवायचं ठरलं. सुमारे वीस हजार टनांचं ते छप्पर तात्पुरत्या पोलादी आधारांवर तोलून धरलं, खालची इमारत काढून टाकली, आणखी खोल खणलं आणि त्याच छपराखाली नवा अरेना बांधला. खर्च ११५ कोटी डॉलर. छप्पर पाडून नवं घातलं असतं तर नक्कीच स्वस्त पडलं असतं, पण शहराला ते हवं होतं. तिथे छपरावरचं पावसाचं पाणी साठवून त्याचाच बर्फ करतात, आणि बातम्यांमध्ये सगळं कौतुक त्या टाकीचं होतं! न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तर बर्फ पाचव्या मजल्यावर आहे, खाली पेन स्टेशन. २०११ ते २०१३ या तीन उन्हाळ्यांत त्याचं नूतनीकरण झालं, तेच अब्ज डॉलरच्या घरात गेलं.

छपराबद्दल आणखी एक गोष्ट, कारण नवशिक्यांच्या एस्टिमेटात हीच सुटते. हॉकीचे सामने एका संघाचे वर्षात किती? २०२५-२६ पर्यंत ८२ सामन्यांच्या हंगामात घरच्या मैदानावर ४१ होते, वर प्लेऑफ मिळाले तर. उरलेले तीनशे दिवस इमारत कमावणार कशावर? गाण्याच्या कार्यक्रमांवर, बास्केटबॉलवर, कुस्त्यांवर. मोठ्या दौऱ्याचं दिवे-स्पीकर-स्क्रीनचं पन्नास टनांहून जास्त सामान छपराला टांगलं जातं. कॅल्गरीचा सॅडलडोम १९८३ चा, खोगिराच्या आकाराचं त्याचं केबलचं छप्पर दिसायला देखणं, पण हा भार हवा तेवढा पेलत नाही, आणि मोठे कार्यक्रम शहराला टाळून जातात. त्याच्या जागी नव्या अरेनाचा करार २०१९ मध्ये ५५ कोटी कॅनेडियन डॉलरवर झाला. खर्च वाढत गेला, वाढीव रक्कम कोणी द्यायची यावर वाद झाला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये करार मोडला. २०२४ मध्ये जेव्हा खणायला सुरुवात झाली तेव्हा अरेनाचा आकडा ९२ कोटी ६४ लाखांवर गेला होता. डिझाइन बदललं, हे खरं. पण पाच वर्षांच्या घोळाचीही किंमत त्यात आहे. जुन्या काळाशी ताडून बघा: टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स १९३१ मध्ये, ऐन मंदीत, साडेपाच महिन्यांच्या आत बांधून झालं. पैसा कमी पडला तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये घेतला. आज फक्त आगीची एनओसी मिळवायला तेवढा वेळ जाईल.

आता बर्फाखालचा स्लॅब. खर्चात छोटा, पण एकदा बिघडला की सगळं उखडावं लागतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

सगळ्यात खाली दाबून बसवलेला मुरूम आणि त्यात नळ्या, ज्यांतून कोमट ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, फिरतं. त्यावर इन्सुलेशनचे बोर्ड, त्यावर बाष्प अडवणारी शीट आणि मग पाच-सहा इंचांचं काँक्रीट. या काँक्रीटमध्ये सळईच्या जाळीवर चार-चार इंचांवर थंड नळ्या बांधलेल्या, एकूण पंधरा-सोळा किलोमीटर. त्यांतून उणे नऊ-दहा अंशांचं ब्राइन (खारं पाणी) किंवा ग्लायकॉल फिरतं. खालच्या कोमट नळ्या बघून लोक हसतात, बर्फाखाली शेगडी कशाला म्हणून. कारण असं की इन्सुलेशन कितीही जाड घाला, वर्षानुवर्षं थंडी खाली झिरपते. जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि स्लॅब वर उचलतं. मिरचीच्या कोल्ड स्टोरेजला हा त्रास नसतो, कारण ती शून्याच्या वर चालतात. उणे वीसची गोठवण खोली ज्यांनी बांधलीय त्यांना हे माहीत आहे.

आणि नागपुरात खाली काय असतं? काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पूर्ण काढून कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जायचं आणि बाहेरचा मुरूम थरांनी भरून रोलर मारायचा. मिहानच्या पट्ट्यात कुठे चार फुटांवर मुरूम लागतो, कुठे दहावर. म्हणून आधी बोअर घ्या आणि मगच एस्टिमेट करा.

काँक्रीट ओतायचं ते एका दमात. पूर्ण मैदानात सांधा चालत नाही, आणि पातळीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. अडीचशे घनमीटरच्या आत-बाहेर माल, म्हणजे ट्रान्झिट मिक्सरच्या चाळीसेक गाड्या. नागपुरात हे डिसेंबरच्या रात्री करावं. ओतताना सगळ्या नळ्यांमध्ये हवेचा दाब भरून ठेवतात आणि प्रेशर गेजजवळ एक माणूस बसवतात. त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. मजूर फळ्यांवरून चालतात, नळीवर पाय पडू द्यायचा नाही. तरी कुठे व्हायब्रेटरची सुई लागते, जोड सुटतो, काटा सरकायला लागतो. त्या क्षणी ओरडलं तर माल उकरून पाच मिनिटांत नळी जोडता येते. सकाळी लक्षात आलं तर ती रांग कायमची बंद करायची आणि बर्फावर तिथे आयुष्यभर मऊ पट्टा सहन करायचा.

नागपूरचा उन्हाळा हा सगळ्यांचा पहिला आक्षेप. ‘पंचेचाळीस डिग्रीत बर्फ?’ अहो, लास वेगास वाळवंटात आहे आणि तिथल्या संघाने २०२३ च्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, घरच्या मैदानावर जिंकला. आपल्या महिला संघाने आशिया कपचं कांस्य २०२५ मध्ये जिंकलं ते अमिरातीतल्या अल ऐनमध्ये. मे महिन्याला मी घाबरत नाही. नागपुरात प्रत्येक घराला माहीत आहे की मेमध्ये कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच नुसती चिकचिक करतो. प्लँटची उष्णता पाणी उडवून बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरचंही अगदी तसंच. मेमधली कोरडी हवा पाणी भराभर उडवते, टॉवर मस्त चालतो, फक्त पाणी पितो. आठशे टनांचा एकूण भार धरला तर तासाला पाच-साडेपाच हजार लिटर उडतं. सामन्याच्या एका दिवसात अख्ख्या मैदानाच्या बर्फाएवढं पाणी हवेत गेलं, आणि तेही पाणीकपातीच्या दिवसांत. सांडपाणी शुद्ध करून वापरायची सोय पहिल्यापासून धरावी लागेल.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. बाहेरच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर, आणि अरेनात तो दोन-चार अंशांवर ठेवायचा असतो. नाही ठेवला तर बर्फावर धुकं साचतं, काचा दुधाळ होतात, छपराखालच्या लोखंडातून थेंब गळतात आणि बर्फावर टेंगळं उठतात. यावर उपाय म्हणजे हवेतला ओलावा शोषणारा डेसिकंट डीह्युमिडिफायर, दुहेरी दारं, आणि भिंती-छपराच्या प्रत्येक सांध्यात नीट चिकटवलेला बाष्परोधक थर. आखातात मी बघितलं ते असं: प्लँट उत्तम, कंपनी नामांकित, पण ट्रक येण्याच्या दाराचा रबर फाटलेला. तेवढ्या फटीतून येणाऱ्या दमट हवेने आठवडाभर सगळ्यांना रडवलं. छपराला आतून चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा पडदा लावा, हेही सांगून ठेवतो. तापलेलं छप्पर बर्फावर उष्णता फेकत असतं, आणि एकूण भारातला मोठा वाटा त्याचाच असतो. पडदा स्वस्त आहे आणि पैसे लवकर परत करतो.

गॅस कोणता? हल्ली कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या प्लँटची चलती आहे, बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगचा बर्फ त्यावरच केला होता. पण या वायूचं क्रांतिक तापमान ३१ अंश. नागपुरात वर्षातले कित्येक महिने तो द्रवच होणार नाही, आणि वीज भरमसाट लागेल. मी अमोनियाच घेईन. आपल्याकडे त्याचे मेकॅनिक आहेत, सुटे भाग मिळतात. मात्र अमोनिया प्लँटरूमच्या बाहेर येता कामा नये, मैदानाखाली फक्त ब्राइन. आणि जुना चिलर, म्हणजे अमोनियाने ब्राइन गार करणारं यंत्र, ‘अजून एक सीझन काढू’ म्हणत चालवायचा नाही. कॅनडातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या चिलरमधून अमोनिया ब्राइनमध्ये गळला आणि तीन माणसं गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खालचे आकडे माझा कागदावरचा अंदाज आहेत, टेंडर नव्हे. पीडब्ल्यूडीच्या दरपत्रकात, म्हणजे डीएसआरमध्ये, डॅशर बोर्डाचा (मैदानाभोवतीच्या कठड्याचा) दर सापडायचा नाही. दहा हजार खुर्च्या, दर खुर्चीला सदतीस-अडतीस चौरस फूट धरा, म्हणजे पावणेचार लाख चौरस फूट. पूर्ण वातानुकूलित, मोठ्या गाळ्याचं पोलादी छप्पर, ध्वनी-प्रकाश वगैरे सगळं मिळून फुटाला तेरा ते पंधरा हजार रुपये. पाचशे ते साडेपाचशे कोटी झाले. त्यावर जीएसटी, आर्किटेक्ट-सल्लागार, कंटिन्जन्सी आणि तीन वर्षांच्या बांधकामातलं व्याज. सातशे-आठशे कोटींवर थांबलात तर नशीब समजा, आणि यात जमीन नाही. यातलं निव्वळ बर्फाचं, म्हणजे स्लॅब, नळ्या, प्लँट, बोर्ड-काचा, गोलमागची जाळी आणि बर्फ गुळगुळीत करणारी दोन मशिनं, तीस कोटींच्या आत बसेल. जाळी वगळायचा मोह होईल, कारण ती दृश्य अडवते. २००२ मध्ये कोलंबसला प्रेक्षकांत उडालेल्या पकने (हॉकीच्या रबरी चकतीने) एका मुलीचा जीव गेला, तेव्हापासून एनएचएलने ती सक्तीची केली.

आठशे कोटी घालूनही आणखी एक गोष्ट उरते: खेळणार कोण? क्यूबेक सिटीने ३७ कोटी कॅनेडियन डॉलरचा अठरा हजार खुर्च्यांचा अरेना २०१५ मध्ये उघडला, एनएचएलचा संघ परत येईल या आशेवर. संघ १९९५ मध्येच गेला होता, अजून आलेला नाही. कनिष्ठ संघाचे सामने होतात. अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेल शहराने २००३ मध्ये २२ कोटी डॉलरचा अरेना बहुतांश स्वतःच्या पैशाने बांधला. संघ दिवाळखोरीत गेला, वर्षानुवर्षं भाड्याचे वाद झाले, आणि शेवटी तो विद्यापीठाच्या पाच हजार खुर्च्यांच्या रिंकमध्ये खेळला आणि २०२४ मध्ये राज्य सोडून सॉल्ट लेक सिटीला गेला. आपल्याकडे देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ऑलिम्पिक मापाचा बंदिस्त रिंक बांधला. स्पर्धा संपल्या आणि वीज-देखभाल परवडेना म्हणून तो वर्षानुवर्षं बंद राहिला, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. आणि आपले हॉकीपटू आहेत कुठले? बहुतेक लडाखचे आणि स्पितीचे.

म्हणून प्रोजेक्टमध्ये दहा हजारांचा अरेना दाखवायचाच असेल तर दाखवा, पण सोबत दुसरा पर्याय मांडा: हजारभर खुर्च्यांचा सरावाचा रिंक. चाळीस हजार चौरस फूट, पफ पॅनेलची इन्सुलेटेड इमारत, दीडशे टनांचा प्लँट, डेसिकंट युनिट. जमीन सोडून चाळीस-पन्नास कोटी. महिन्याला लाखभर युनिट वीज, म्हणजे दहा लाखांच्या आसपास बिल. रिंक बंद ठेवला तरी महावितरणचा डिमांड चार्ज सुटत नाही, तोही धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरची पोरं तासाला पाचशे रुपये देऊन स्केटिंग करतील का, हा तुमच्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर काँक्रीटच्या पुस्तकात नाही. चार मॉलमध्ये उभं राहून गेम झोनची गर्दी मोजा आणि तो तक्ता अहवालाला जोडा. तुमच्या गाइडला आवडो न आवडो, बँकवाला पहिला तोच बघेल.

आणि मिहानचीच जागा धरणार असाल तर कागदावर छपराची उंची टाकण्याआधी विमानतळ प्राधिकरणाची उंचीची मर्यादा बघून घ्या. मोठ्या अरेनाचं छप्पर शंभर फुटांच्या वर सहज जातं, बांधतानाची क्रेन त्याहून उंच, आणि धावपट्टीच्या रेषेत ती परवानगी मिळेलच असं नाही. मग अरेना जमिनीत वीस-पंचवीस फूट खाली न्यावा लागतो, खडक फोडावा लागतो, पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. माझ्या सातशे-आठशे कोटींत हे धरलेलं नाही.